फय्याज पेंटरनं काळे केलेले केस

फय्याज पेंटरशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे मोठ्यानं आणि एकदाच बोलायची मला सवय. हा माणूस बोलतच नाही. ब्रश हातात असला की गप्प, चहा हातात असला की गप्प, आणि चुकून तोंड उघडलंच तर माझ्या शर्टाच्या रंगावर. "मारोतराव, याच्यातला निळा मरून गेला." अरे बाबा, शर्ट आठ वर्षांचा आहे, त्यातला निळा मी कुठून जिवंत ठेवू? तरी वाशीममध्ये मला शोधायचं असेल तर सकाळी दहा वाजता त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बघा. निवृत्त माणसाला कुठंतरी बसावं लागतं.

दुकान एका खोलीचं. पुढं रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहतात आणि फय्याज त्यांच्यावर मालकाचं नाव, दोन मोर आणि मधोमध कमळ काढतो. फ्लेक्स आला तेव्हा गावातले बाकीचे पेंटर एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. हा टिकला, कारण ट्रॉलीचा पत्रा दिवसभर माती आणि धक्के खातो, त्यावर फ्लेक्स दोन दिवस राहत नाही. खोलीच्या आतल्या अर्ध्या भागात त्याची बायको जैतुनबी मेंदी विकते. तिचं माहेर अनसिंगचं. बापाच्या वावराला मेंदीचं कुंपण होतं, आता भावाच्या वावराला आहे, पाला तिथूनच येतो. सावलीत वाळवायचा, कुटायचा, जुन्या ओढणीतून चाळायचा, आणि चहाच्या पाण्यात कालवून लोखंडी कढईत मुरू द्यायचा. चैत्रात डोकं तापलं की थंडाव्यासाठी अर्धं गाव तिच्याकडं वाटी घेऊन येतं. मी पण जातो. टक्कल असलं म्हणून काय झालं.

जैतुनबीचे स्वतःचे केस लग्नाआधीपासून मेंदीचे. आज सत्तरीला आली, पण ओढणी जराशी मागं सरकली आणि ऊन पडलं की केस असे पेटतात की माणूस बघत राहतो. आता गोष्ट या केसांचीच आहे.

ट्रॉल्यांच्या आधी फय्याज टॉकीजचा पेंटर होता. दर आठवड्याला नवा सिनेमा, दर आठवड्याला पत्र्याच्या बोर्डावर नवी हिरोईन. वितरकाकडून फोटो यायचे ते काळेपांढरे. साडी कोणत्या रंगाची, गॉगल कोणत्या रंगाचा, हे सगळं फय्याजनं ठरवायचं. त्यामुळे शुक्रवारी सिनेमा सुटला की लोक घरी जायच्या आधी त्याच्याकडं तक्रार घेऊन यायचे. बोर्डावर साडी हिरवी होती, पडद्यावर निळी निघाली, हे कसं काय? फय्याज मान खाली घालून ऐकून घ्यायचा. बोलायचा तेव्हाही नाहीच.

एकोणऐंशी साली टॉकीजच्या शेठजींना वाटलं की वाशीमला इंग्रजी सिनेमा दाखवावा. रविवारी सकाळचा खेळ, जुनापुराणा काळापांढरा सिनेमा, आणि फय्याजच्या हातात एक फोटो. त्यात एक गोरी बाई, मान मागं टाकलेली, केस खांद्यावर मोकळे. फय्याजचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. त्याच दिवशी सकाळी जैतुनबी मेंदी धुऊन अंगणात केस वाळवत बसली होती. ते बघून हा कामाला गेला, आणि त्या गोऱ्या बाईच्या डोक्यावर त्यानं आपल्या बायकोचे केस काढले. शेंदरी, त्यात गेरू, कडेला थोडा पिवळा. मी तेव्हा बाहेरगावी कॉलेजात होतो, मी तो बोर्ड पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला ते म्हणतात की रस्त्यावरच्या सायकली थांबत होत्या.

मोहल्ल्यातल्या बायकांनी तर लगेच ओळखलं. "जैतुन, तुहे केस टाकीजवर लागले." शनिवारी दुपारी ती नणंदेला घेऊन बघायला निघाली. आणि नेमके तेव्हाच शेठजी बाहेर आले होते.

"फय्याज, बाईच्या डोक्याले आग लागली काय?" शेठजी म्हणाले. "लाल केसाची हिरोईन कोनं पाह्यली? उद्या लोक हसतीन मले. काळे कर."

जैतुनबी रस्त्याच्या पलीकडं उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर तिचा नवरा शिडीवर चढला आणि एक अक्षर न बोलता ते केस काळे करून खाली उतरला.

घरी आल्यावर तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि मग सांगितलं, "शेठच्या एका बोलन्यावर तुमी माहे केस पुसले. ते परत लाल होतीन तवाच मी टाकीजची पायरी चढीन."

ही साधी शिक्षा नव्हती, आणि ती तिनं फय्याजपेक्षा स्वतःलाच जास्त केली. जैतुनबीला सिनेमाचं वेड. लग्न टॉकीजच्या पेंटरशी ठरलं म्हणून ती माहेरी आठवडाभर खूश होती. पण त्या दिवसानंतर पंचेचाळीस वर्षांत ती सिनेमाला गेली नाही. लेकी गेल्या, सुना गेल्या, हिनं घरी बसून त्यांच्याकडून पूर्ण गोष्ट गाण्यांसकट ऐकून घेतली. टीव्ही बघायची. टीव्ही म्हणजे टॉकीज नव्हे, याबद्दल तिच्या मनात काही गोंधळ नव्हता.

तो बोर्ड पुढं कुणी पाहिला नाही. रविवारच्या खेळाला मोजून एकवीस माणसं आली, शेठजींनी इंग्रजीचा नाद सोडला, आणि तो पत्रा भिंतीकडं तोंड करून गोदामात गेला.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. फय्याजची नात जिकरा अमरावतीला सिनेमाचं शिकते. म्हणजे काय शिकते ते मला नीट कळलेलं नाही, पण तिनं स्वतः अर्ध्या तासाची एक फिल्म बनवली होती. विषय काय, तर लाल केसांच्या नट्या. आजीच्या डोक्याकडं बघत लहानपण गेलं, दुसरं काय सुचणार. वाशीमच्या थिएटरवाल्याला गळ घालून तिनं रविवारी सकाळी साडेदहाचा पडदा मिळवला आणि मंगळवारी आमच्या पायरीवर येऊन बसली, मोबाइलवर फोटो दाखवत.

"हे क्लारा बो," ती म्हणाली. "मुक्या सिनेमाची हिरोईन. केस लाल, पन पडद्यावर सारं काळंपांढरं. तरी लोकायले मालूम पडलं, आन् तिकडच्या बायायनं मेंदी घ्याले दुकानात गर्दी केली म्हनतात."

"कोनाच्या दुकानात?" आतून जैतुनबीनं विचारलं.

"अमेरिकेत, दादी. आन् हे मॉरीन ओ'हारा, आयर्लंडची, हिचे जन्माचेच लाल. रंगीत सिनेमा आला तवा हिले रंगाची रानी म्हनत. हे ल्युसिल बॉल. हे तं वर्षानुवर्षं केसाले मेंदीच लावे."

"पाला कुठचा वापरे?" जैतुनबी बाहेर आली.

जिकराला ते माहीत नव्हतं. तिनं पुढचा फोटो काढला. फोटो काळापांढरा होता. मान मागं टाकलेली, केस खांद्यावर मोकळे. फय्याजनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला, मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोन व्हय?"

"रिटा हेवर्थ. लय मोठी नटी होती."

"केस कोन्या रंगाचे?"

"लाल, दादा. जन्माचे काळे, पन कंपनीनं रंगवून लाल केले, आन् मंग त्याच्यावरच नाव झालं तिचं."

"म्हंजे माह्यासारखीच," जैतुनबी म्हणाली.

फय्याजनं मोबाइल आणखी जवळ धरला. मग म्हणाला, "म्हंजे मी बरोबर होतो."

"तुमी बरोबर होते," जैतुनबी म्हणाली. "मंग काळे काहून केले?"

फय्याजनं मोबाइल परत दिला आणि ट्रॉलीवरच्या मोराला आधीच असलेला डोळा पुन्हा एकदा काढला. मी रिकामा कप तोंडाला लावला. बिचाऱ्या जिकराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "दादी, रविवारी पहिल्या रांगेत बसशीन ना? फिल्मच्या शेवटी तुहा फोटो हाये." जैतुनबीनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाही म्हणाली. कारण सांगितलं. पोरगी रडवेली झाली. म्हणाली, माझी पहिलीच फिल्म आहे आणि जिच्यामुळं केली तीच बघणार नाही. जैतुनबीचेही डोळे भरले, पण शब्द म्हणजे शब्द. या बाईचा मला तेव्हा मनापासून राग आला होता, हे लपवून काय उपयोग.

बुधवारी सकाळी मी पायरीवर टेकतो न टेकतो तोच फय्याजनं विचारलं, "मारोतराव, शिरपूरची गाडी किती वाजता हाये?"

मी चाट पडलो. वेळापत्रक मला आजही तोंडपाठ आहे, प्रश्न तो नव्हता. हा माणूस जवळच्या पोहरादेवीच्या यात्रेलाही कुणी ओढून नेल्याशिवाय जात नाही. मग कळलं. शेठजींनी गोदाम रिकामं केलं तेव्हा जुने पत्रे शेतकऱ्यांनी गोठ्यांसाठी नेले होते. तो पत्रा शिरपूरच्या अलीकडच्या जगदेव नावाच्या माणसानं नेला होता, फय्याजनं स्वतः बैलगाडीत चढवून दिला होता. आता फय्याजच्या पिशवीत लाल रंगाचा डबा होता, पिवळ्याची बाटली होती आणि दोन बारीक ब्रश होते. तिथं जायचं, केस लाल करायचे, मोबाइलवर फोटो काढून आणायचा, असा त्याचा बेत होता.

"फोटो नोका आनू," आतून आवाज आला. जैतुनबी चपला घालत होती. "काळे होतानी मी पाह्यले, लाल होतानीबी मीच पाहीन."

असे आम्ही तिघं गाडीत बसलो. कंडक्टर नवा पोरगा होता. घंटी दोनदा मारायची तिथं एकदा मारत होता, मी त्याला दोन वेळा सांगितलं, मग जैतुनबीनं मला गप्प बसवलं. शिरपूरच्या अलीकडं एका बाभळीपाशी त्यानं हाक दिली, "लालीबाईचा गोठा, कोन उतरते?" आणि फय्याज उठला. जगदेवच्या शेताला हाच थांबा.

अकरा वर्षं मी या गाडीवर होतो. अकरा वर्षं मी रोज चार वेळा ही हाक दिली. लालीबाई म्हणजे त्या शेताची कुणी जुनी मालकीण असेल, वारली असेल, असं मी धरून चाललो होतो. खिडकीतून गोठ्याची गंजलेली पाठ दिसायची, आत कोण आहे ते बघायला कधी उतरलो नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा सगळा वेळ जायचा.

जगदेव आता म्हातारा झाला आहे. ओसरीत बसला होता, शेजारी त्याची बायको प्रयागबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. फय्याजनं नाव सांगितलं तसा जगदेव उठून उभा राहिला. "टाकीजचे पेंटर? या, बसा. लालीले पाह्यले आले काय?"

"कोन लाली?" जैतुनबीनं विचारलं.

"आमच्या गोठ्यातली बाई," प्रयागबाई म्हणाली. "चला, दाखवतो."

गोठ्यात एकच म्हैस होती आणि तिच्या मागची पूर्ण भिंत म्हणजे तो पत्रा. चित्र आतल्या बाजूला होतं. बाईचा एक खांदा गंजानं गेला होता, हनुवटीवर शेणाचे शिंतोडे उडाले होते, आणि केस लाल होते. शेंदरी, त्यात गेरू, कडेला थोडा पिवळा. फक्त वरच्या अंगाला, कपाळाच्या वर, चार बोटं काळी पट्टी उरली होती.

फय्याजच्या हातात डबा तसाच राहिला.

"आनली तवा काळ्या केसाची होती हे," प्रयागबाई सांगायला लागली. "म्हस बांधली, तं तिले मान घासाची सवय. सकाळ संध्याकाळ घासे. एक दिवस पाह्यतो तं काळ्याच्या खालून लाल निंगून राह्यलं. आमच्या बुढ्यानं सारायले बोलावून दाखवलं. वरसभरात सारी लाल झाली. तवापासून लाली. पाच म्हशी झाल्या इथं, पाचीनं हेच काम केलं. वरच्या पट्टीले मान नाई पुरत त्यायची."

म्हशीनं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि आमची काही दखल न घेता मान वळवून त्या केसांवर घासली.

आता जैतुनबी पुढं झाली. तिनं डोक्यावरची ओढणी मागं केली आणि पत्र्याजवळ उभी राहिली. दारातून ऊन येत होतं. प्रयागबाईनं पत्र्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, परत पत्र्याकडं पाहिलं. "अवो बाई," ती म्हणाली, "हे तं तुमी हाये." चाळीस-बेचाळीस वर्षं रोज जिच्याकडं बघत दूध काढलं ती समोर येऊन उभी राहिली, याचा त्या माउलीला इतका आनंद झाला की तिनं जैतुनबीचे दोन्ही हात धरले ते सोडेचना.

पण जैतुनबीचं लक्ष वरच्या काळ्या पट्टीकडं होतं. तिनं म्हशीच्या पाण्याच्या हौदात बोट बुडवलं आणि टाचा उंचावून पट्टीच्या कडेवरून फिरवलं. बोट काळं झालं, पत्रा लाल झाला.

"हा रंग तं पान्यानं निंगते," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "पक्का रंग काहून नाई लावला तुमी? निंगून जावा म्हनून मुद्दाम कच्चा लावला काय?"

मी फय्याजला डोळ्यांनी खुणावलं. हो म्हण, बाबा. पंचेचाळीस वर्षांत अशी संधी आली नाही, पुन्हा येणार नाही. साक्षीदार म्हणून म्हैस धरून चार जण आहेत. एक हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

फय्याज म्हणाला, "नाई. तेलाचा रंग सकाळच्या खेळापर्यंत वाळला नसता. म्हनून पान्यात कालवाचा डिस्टेंपर मारला."

मी कपाळाला हात लावला.

"भेलो होतो मी, जैतुन," तो पुढं म्हणाला. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं. "नवं लगन, नवी नोकरी. शेठनं काळे कर म्हतलं, मी केले. लालच राहू द्या म्हनाले पाह्यजे होतं. मले मालूम होतं का ते चांगले हायेत. तरी नाई बोललो. चुकलं माहं."

जैतुनबी हौदाच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, काळं बोट गालाला लागलं, त्याच्यावर प्रयागबाई हसली, मग जगदेव, मग मी. "एवढंच तं आयकाचं होतं मले," ती म्हणाली. "त्या दिवशीच बोलले असते तं मी रविवारीच खेळ पाह्यला असता." मग तिनं फय्याजच्या हातातला डबा काढून घेतला आणि त्याच्या खांद्यावरचा रुमाल हौदात भिजवून त्याच्या हातात दिला. "हे नोका लावू. लाल हायेच खाली. काळं पुसा फक्त."

प्रयागबाईनं पाट आणून दिला. फय्याज त्याच्यावर चढला आणि उरलेली पट्टी पुसली. फार वेळ लागला नाही. मग आम्ही चहा प्यालो. दूध त्याच म्हशीचं होतं, आणि फय्याजनं तिचं नाव विचारून घेतलं. तिचं नाव चंद्री आहे. आता मला सांगा, माझं नाव त्याला कळायला पहिले सहा महिने लागले होते.

रविवारी सव्वादहाला थिएटरबाहेर जैतुनबी उभी होती. नवी ओढणी, डोक्याला ताजी मेंदी धुतलेली. जगदेव आणि प्रयागबाई पहिल्या गाडीनं आले होते. जिकरा दारात दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत होती. जैतुनबीनं खाली वाकून पहिल्या पायरीला हात लावला, फय्याजचा दंड धरला आणि चढली. बाकीच्या पायऱ्या तिनं त्याला न धरता चढल्या. पोरीच्या वेगानं.

फिल्म सुरू झाली. हॉलमध्ये बहुतेक कॉलेजची पोरं होती, शिट्ट्या मारत होती. क्लारा बो आली, मॉरीन ओ'हारा आली, तिचे केस बघून पोरांनी आणखी आरडाओरडा केला. मग पडद्यावर तो फोटो आला. भिंतीएवढा मोठा, काळापांढरा, मान मागं टाकलेली, केस खांद्यावर मोकळे. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "हिचे तं काळे हायेत."

पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मला वाटलं जैतुनबी उठली असेल. पण ती बसलेलीच होती. फय्याज पेंटर उभा राहिला होता, मागं वळून, अख्ख्या हॉलकडं तोंड करून.

"लाल हायेत," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की मी एकोणतीस वर्षांत गाडीत कधी तेवढा आवाज काढला नाही. "लालच हायेत ते."

मग तो खाली बसला, आणि जैतुनबीनं अंधारात त्याचा हात धरला तो फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.